अध्यक्ष ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि गटाचा फोन वाजला



मागच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, सटाण्याजवळच्या एका गावात पापड करणाऱ्या गटाच्या बैठकीला गेले होते. त्या ताईंना विचारूनच हे लिहिते आहे, फक्त गटाचं नाव नको असं त्यांचं म्हणणं. गट जुना. बैठक वेळेवर, बचत वेळेवर, परतफेड वेळेवर. पंचसूत्रीत बोट ठेवायला जागा नाही. पापड असा की एका घरी तळला तर शेजारणीला कळतं. पण त्या दिवशी सगळ्या गप्प. कोपऱ्यात पापडाचे दोन पत्र्याचे डबे भरून ठेवलेले, आणि त्यांच्याकडे कुणी बघेना.

झालं होतं असं. अध्यक्ष ताई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर सुरतला गेल्या. इकडे लग्नाची जेवणं करणाऱ्या एका आचाऱ्याला ४० किलो उडीद पापड हवे होते, आठ दिवसांत. त्याने अध्यक्ष ताईंना फोन लावला, तो दवाखान्यात बंद. मग कुणाकडून तरी सचिव ताईंचा नंबर मिळवला. त्याने भाव विचारला. सचिव ताईंनी फोन कोषाध्यक्ष ताईंच्या हातात दिला, त्यांनी जावेच्या. सगळ्यांचं एकच उत्तर, "माले काय माहीत? अध्यक्षबाईले इचारा." मागच्या वर्षी त्याच आचाऱ्याला काय भावाने दिले, डाळ कोणत्या दुकानातून येते, तिथे उधारी किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवस वाट बघून आचाऱ्याने दुसरीकडून माल घेतला. त्यांच्या चालू भावाने, म्हणजे २८० रुपये किलोने, ते ११,२०० रुपयांचं काम होतं. बँकेचा हप्ता डोक्यावर होता तो वेगळाच.

बैठकीत निम्म्या ताई अध्यक्षांवर चिडलेल्या, निम्म्या सचिवांवर. मला विचाराल तर चूक दोघींचीही नव्हती. पापड बाराजणींना येत होता. पापडाचा धंदा मात्र एकीच्याच डोक्यात होता, आणि ते डोकं सुरतला गेलं होतं.

आपण गटात प्रशिक्षण म्हटलं की काय शिकतो? पापड, लोणचं, मसाला, शिवणकाम. तेही हवंच. पण भाव काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, काम वाटून देणं, खराब माल परत करणं, बँकेत साहेबांसमोर बसून गटाची गोष्ट सांगणं, ही पण कामंच आहेत आणि तीही शिकून येतात. शहरात यासाठी मोठ्या फिया भरून लोक कॉलेजात जातात. आपल्याकडे मात्र समजूत अशी, की हे एखादीला जन्मतःच येतं. "ती बोलकी आहे, तिलाच अध्यक्ष करा." मग ती बोलत राहते, बाकीच्या ऐकत राहतात, आणि पाच वर्षांनी तीच बोलकी असते.

खरं तर ही कला आपल्या बागलाणात जागोजागी आहे. उन्हाळ कांद्याची लागण सुरू झाली की बायकांच्या टोळ्या निघतात ना, त्यातली मुकादम बाई आठवा. शेतमालकाशी एकराचा उक्ता भाव तीच ठरवते. रान बघून सांगते, इथे इतक्या बाया लागतील, इतके दिवस लागतील. रोपं बारीक असतील तर भाव वाढवून मागते. कोण आली, कोण अर्ध्या दिवसाने गेली, कुणाला किती द्यायचे, जीपवाल्याचे किती, सगळा हिशोब संध्याकाळच्या आत. एखादी सरी सोडून पुढे पळत असेल तर तिला सगळ्यांसमोर न बोलता हळूच मागे आणते. दुसऱ्या दिवशी तीच बाई आपल्या गटाच्या बैठकीत भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं." ताईंनो, भाव ठरवणं, अंदाज काढणं, माणसं सांभाळणं यालाच कंपन्यांमध्ये मॅनेजरचं काम म्हणतात. मुकादम बाईकडे फक्त एक गोष्ट नसते, ती म्हणजे वही. तिचाही हिशोब डोक्यातच, आणि ती आजारी पडली तर टोळीसुद्धा घरी बसते.

पापडाचाच विषय आहे तर लिज्जतची गोष्ट सांगते. नाव सगळ्यांना माहीत, पण सुरुवात कशी झाली ते ऐका. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची सगळी मिळून विक्री ६,१९६ रुपये. म्हणजे आपल्या कितीतरी गटांसारखीच सुरुवात. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसाळ्यातही काम सुरू! आपल्याकडे पाऊस लागला की आपण काय म्हणतो? "आता दिवाळीनंतर बघू."

पण मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग आवडतो. त्यांना छगनलाल पारेख नावाचे एक वडीलधारे सल्लागार होते, सगळे त्यांना छगनबापा म्हणत. सुरुवातीला या बायका दोन प्रकारचे पापड करत होत्या, त्यातला एक हलक्या भावाचा. छगनबापांनी सांगितलं, एकच करा, पण चांगला करा, आणि हिशोब धंद्यासारखा चोख ठेवा. देणग्या मागत फिरायचं नाही, हेही ठरलं. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बहिणी आहेत. पीठ केंद्रावर मळलं जातं. बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात, दुसऱ्या दिवशी परत आणतात. तिथे वजन होतं, पापड तपासला जातो आणि लाटण्याची मजुरी मिळते. शाखा सांभाळणाऱ्या संचालिकाही याच बहिणींमधून पुढे येतात. त्या पहिल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

यात तपासणीची गोष्ट नीट बघा. आपल्या गटात सगळ्यात अवघड काम कोणतं, असं मी बऱ्याच ताईंना विचारते. कर्ज नाही, हिशोब नाही. "तुझा पापड जाड झालाय" हे सख्ख्या जावेला सांगणं, हे सगळ्यात अवघड! सांगितलं तर घरात अबोला, नाही सांगितलं तर गिऱ्हाईक जातं. मग आपण काय करतो, तो जाड पापड गुपचूप पाकिटाच्या मधोमध घालतो. ताईंनो, गिऱ्हाईक पाकीट उघडतं तेव्हा मधलाही पापड बाहेर येतोच.

यावर एका गटाने काढलेला तोडगा मला पटला. त्यांनी आधी सगळ्यांनी मिळून एक पापड पास केला. जाडी एवढी, मोठेपणा या ताटलीएवढा, रंग असा. तो नमुना बरणीत ठेवला. आता रोज कुणाचाही पापड आला की नमुन्याशेजारी ठेवायचा. तपासणारी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे "तुझा जाड आहे" असं कुणी म्हणत नाही, "बरणीतल्यासारखा नाही" असं म्हणतात. परत आलेला पापड घरी खायला न्यायचा, त्याची मजुरी नाही. पहिल्या आठवड्यात दोघी रुसल्या, त्यातली एक तपासणीची पाळी आल्यावर सगळ्यात कडक निघाली.

आता हिशोब. वही पेन्सिल घ्या, कारण इथेच आपला पैसा गळतो. सुरुवातीच्या त्या गटाबरोबर बसून मी हा हिशोब काढला. आकडे सोपे करून देते, तुमचे वेगळे असतील.

एका दिवसात पाच जणी १० किलो उडीद पापड करतात. डाळ, दळण, पापडखार, हिंग, मिरे, तेल मिळून १,९०० रुपये. पिशव्या आणि लेबल १००. सटाण्याला नेण्याचं भाडं १५०. एकूण २,१५०. विकले २८० रुपये किलोने, आले २,८००. "बघा मॅडम, साडेसहाशे नफा!" कोषाध्यक्ष ताई खुशीत होत्या. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही पाच जणी कांद्याच्या कामाला गेल्या असत्या तर? रोज ३०० धरला तर १,५००. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. साडेसहाशे पाच जणींत वाटले तर एकीला १३० रुपये. म्हणजे नफा नव्हताच. आपल्याच मजुरीतले ८५० रुपये आपण गिऱ्हाइकाला फुकट देत होतो, आणि वर त्याला धन्यवाद म्हणत होतो.

आपण आपली मजुरी धरत नाही, कारण घरात ती कधी कुणी धरलेलीच नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, गुरांचं शेण, यातलं कशाचंच बिल होत नाही, मग पापडाचं कसं होईल? सवय आहे ती. पण घरचं काम आणि गटाचा धंदा यात फरक करावाच लागेल, नाहीतर जास्त ऑर्डर आली की जास्त तोटा होईल.

मजुरी धरली तर १० किलोचा खर्च ३,६५०, म्हणजे किलोला ३६५ रुपये. तेवढ्याला विकले तर मजुरी सुटते, पुढच्या डाळीला शिल्लक काही नाही. "मग ४०० सांगायचे का? कोण घेईल?" हा प्रश्न खराच आहे, मी तो उडवून लावणार नाही. दुकानात कंपनीचा पापड कितीला मिळतो ते गिऱ्हाइकाला माहीत असतं. भाव वाढवणं हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता म्हणजे त्याच दिवसात जास्त माल. हातदाबाचं पापड यंत्र घेऊन त्याच पाच जणींनी १५ किलो केले, तर सामान आणि पिशव्यांचे ३,०००, भाडं तेच १५०, मजुरी १,५००. एकूण ४,६५०, किलोला ३१० रुपये. यंत्राच्या किमतीपोटी किलोमागे दहा रुपये बाजूला टाका, ३२०. आता ३५० रुपये भाव सांगताना आवाज कापत नाही, कारण तो कुठून आला ते आपल्याला माहीत असतं. आणि कुणी "३०० ला द्या" म्हटलं तर हसून "परवडत नाही दादा" म्हणता येतं. घासाघीस करताना आपला शेवटचा आकडा माहीत नसेल तर समोरचाच तो ठरवतो.

(प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या ताईंसाठी: जायचं यायचं भाडं, तिथलं जेवण, उरलेला माल आणि दिवस मोडला ती मजुरी, हे सगळं वहीत लिहा. "सगळा माल खपला" म्हणून आनंदाने परत आलेला स्टॉल घरी बसून हिशोब केल्यावर तोट्यात निघालेला मी पाहिला आहे.)

बोलण्याच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे चेतना सिन्हा यांच्याकडे कांताबाई नावाच्या एक ताई आल्या. त्या लोहारकाम करून रस्त्याकडेला राहायच्या. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची म्हणून त्यांना थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण इतक्या बारीक रकमेचं खातं बँक उघडेना. मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नाकारला गेला. कारण, अर्जावर कितीतरी सभासदांचे अंगठे. निरक्षर बायका बँक कशा चालवणार? या बायका रडत बसल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, काही महिन्यांत लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, की गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नाही. पण कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि कॅल्क्युलेटर न घेता तुमच्या माणसांनाही काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये त्यांनी गावातल्या बायकांसाठी धंदा शिकवणारी शाळा काढली. ज्यांना शाळेपर्यंत येता येत नव्हतं त्यांच्यासाठी बसमध्येच वर्ग भरवला.

या गोष्टीत मला व्याजापेक्षा त्या काही महिन्यांचं जास्त वाटतं. त्यांच्या वतीने बोलायला चेतनाताई होत्या, शिकलेल्या, मुंबईच्या. त्या एकट्या जाऊन बोलल्या असत्या तरी चाललं असतं कदाचित. पण बायका गेल्या, आणि बायकाच बोलल्या.

इथे मला माझी चूक सांगायला हवी. समाजकार्याची पदवी घेऊन मी या कामाला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मी फार उत्साहात होते. एका गटाचा कर्जाचा प्रस्ताव मीच लिहिला, व्यवसाय आराखडा मीच केला, हिशोबाच्या वह्या रात्री जागून मीच पूर्ण केल्या. सुंदर अक्षर, रेघा मारलेल्या! बँकेत साहेबांनी ताईंना विचारलं, "महिन्याला माल किती जातो?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन उत्तर दिलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ताईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "कर्ज ताईंना हवंय की तुम्हाला?" प्रस्ताव परत आला. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता. मी मदत करत नव्हते, मी ताईंची जागा अडवून बसले होते. पुढच्या वेळी आम्ही आधी गटातच बँक भरवली. मी साहेब झाले, टेबलामागे बसले, मुद्दाम खडूस प्रश्न विचारले. हसून हसून पुरेवाट झाली, पण आठ दिवसांनी खऱ्या बँकेत कोषाध्यक्ष ताईंनी माल, विक्री, येणं आणि देणं चारही आकडे न अडखळता सांगितले. मी बाहेर बाकावर बसून होते.

तुम्ही सटाण्याच्या, देवमामलेदारांच्या गावाजवळच्या. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या यशवंतराव महाराजांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकता, दरवर्षी यात्रेला जाता. मामलेदार कचेरीतल्या माणसाला आपण देव म्हणतो, पण आजच्या कचेरीत किंवा बँकेत पाऊल टाकायचं म्हटलं की आपले पाय जड होतात. जाताना दोघी जा. एकीने बोलायचं, दुसरीने लिहून घ्यायचं. कुठला कागद कमी आहे, कोण म्हणालं, कोणत्या तारखेला बोलावलं, हे लिहिलेलं असलं की तिसरा हेलपाटा वाचतो.

आता त्या पापडाच्या गटाचं पुढे काय झालं ते सांगते. अध्यक्ष ताई नातू बघून परत आल्या तेव्हा आधी दुखावल्याच. "माझ्या मागे माझ्यावर बैठक घेतली?" असं त्यांना वाटलं. वाटणारच. सहा वर्षं त्यांनी पदरचं भाडं खर्चून गटासाठी फिरण्यात घालवली होती. त्यांना कुणी कधी विचारलंही नव्हतं, की ताई, मी बरोबर येऊ का? सगळं एकटीच्या हातात ठेवण्यात जसा थोडा मान असतो, तसा खूप थकवाही असतो. त्या दिवशी त्या दोन्ही बोलल्या. मग त्यांनी पिशवीतून एक जुनी डायरी काढली. आचारी, दुकानदार, डाळवाला, सगळ्यांचे नंबर त्यात होते. फक्त नावं नव्हती, खुणा होत्या. फुलाची खूण म्हणजे नामपूरचा दुकानदार, कारण त्याच्या दुकानासमोर फुलवाला बसतो. ती डायरी उलगडायला एक अख्खी दुपार गेली.

गटाने आता एक साधा फोन आणि वेगळं सिम घेतलं आहे. फोन महिन्याला एकीकडे. भावाचा कागद ज्या घरी पापड होतात तिथे भिंतीवर लावलेला आहे: किरकोळ भाव, दहा किलोच्या वरचा भाव, आणि आगाऊ किती घ्यायचे. ऑर्डरच्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, कुणी मागितलं, किती, कधी द्यायचं, किती पैसे आले. डाळ आणायला अध्यक्ष ताईंबरोबर दर वेळी नवी बाई जाते. पहिल्यांदा गेलेल्या ताईंनी ओलसर डाळ उचलली होती. अध्यक्ष ताईंनी दुकानात काही न बोलता दुसऱ्या पोत्यात हात घालून दाखवला.

श्रावण लागायच्या आधी त्याच आचाऱ्याचा फोन आला. फोन त्या महिन्यात ज्यांच्याकडे होता त्या ताई बैठकीत कधी तोंड उघडत नसत. त्यांनी त्याला "थांबा हं" म्हणून भिंतीकडे पाहिलं आणि ३५० सांगितले. तो म्हणाला, मागच्या वर्षी तर २८० होते. त्या म्हणाल्या, "तेव्हा आमची मजुरी धरलेली नव्हती." त्याने ४० ऐवजी १५ किलोच घेतले, निम्मे पैसे आगाऊ देऊन. बाकीचे २५ किलो त्याने कुठून घेतले माहीत नाही. ते १५ किलो कुणी कुणी लाटायचे यावरून त्या संध्याकाळी गटात पुन्हा थोडं भांडण झालं, पण ते वहीत लिहून मिटलं.

येत्या महिन्याच्या बैठकीला तुमच्या गटाच्या धंद्याची वही घेऊन या. नसेल तर कोरी शंभर पानी आणा, पहिलं पान आपण तिथेच लिहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सटाणा